मंदीबाईंचा प्रश्न

मंदीबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि खरं सांगायचं तर बाईंनी ते कमावलेलंच होतं. संध्याकाळच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. दरवर्षी पहिल्या तासाला फळा पुसता पुसता, पाठमोऱ्याच, म्हणायच्या, "पुढचं वर्ष कठीण दिसतंय बरं का!" वर्ष थोडंफार कठीण जायचंही, पण बाईंनी सांगितलं तितकं कधीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मुलं, आणि मुलं तरी कसली, दिवसभर नोकऱ्या करून दमून आलेली मोठी माणसं ती, मागच्या बाकांवर खुसखुसायची. ते नाव कानावर आलं तेव्हा बाई चिडल्या नाहीत. "तेजीबाई म्हणाला असतात तर जास्त लागलं असतं," म्हणाल्या.

बाई राहायच्या धाकट्या भावाकडे. खाली त्याचं किराणा दुकान, वर दोन खोल्या. एकीत भाऊ, भावजय आणि त्यांची लहानगी. दुसरीत बाई आणि त्यांची पुस्तकं. पुस्तकं इतकी, की एका ढिगानं दार अडवलेलं, त्यामुळे ते दार कधी पुरतं उघडायचंच नाही. भावजय म्हणायची, "वन्सं, एवढ्या शहाण्यांनी एवढं लिहून ठेवलं, तरी साखर महाग ती महागच की हो!" बाईंना असं तोंडावर बोलायची हिंमत त्या घरात फक्त भावजयीची. भाऊ ताईपुढे अजूनही दुसरीतला मुलगा होता.

त्याला कारणही तसंच होतं. बाई अर्थशास्त्राकडे वळल्या त्या काही नोकरी लागेल म्हणून नव्हे. त्यांचे वडील सूतगिरणीत कामाला होते, आणि एका सकाळी गिरणी बंद पडली. वडील पोरीचं बोट धरून फाटकापर्यंत गेले होते. गजांमधून तिला आतलं सगळं दिसलं. यंत्रं पुसून ठेवलेली. कापसाच्या गासड्या छताला टेकलेल्या. बाहेर माणसं उभी, हातापायांनी धडधाकट, आत्ता आत सोडलं तर आत्ता कामाला लागतील अशी. आणि त्यातल्या निम्म्यांच्या कोपरांवर सदरे फाटलेले. "बाबा, सगळं जागच्या जागी आहे की! मग बंद का?" तिनं विचारलं. वडिलांनी तिचं बोट घट्ट धरलं आणि तिला घराकडे वळवलं.

त्या वर्षी आई पिठाचा डबा चमच्यानं खरवडायची. रिकाम्या पत्र्यावर चमचा फिरल्याचा तो आवाज आला, की आज पोटभर मिळणार नाही हे दोन्ही पोरांना कळायचं. धाकटा "अजून" म्हणायचा. ताई आपल्या ताटलीतलं त्याच्या ताटलीत सरकवायची आणि मला भूकच नाही म्हणायची. भाऊ ते विसरला नव्हता, आणि बाई तो आवाज विसरल्या नव्हत्या. फळ्यावर खडू कर्रकन वाजला तरी त्या दचकायच्या, आणि वर्गाला वाटायचं, बाई भित्र्याच आहेत.

त्या एका प्रश्नापायी बाईंनी अख्खं आयुष्य पुस्तकांत घातलं. जुन्या पंडितांतला एक म्हणत होता, असं घडूच शकत नाही, बाजार आपोआप जागेवर येतो, थोडा धीर धरा. दुसरा म्हणत होता, हे घडणारच, या व्यवस्थेच्या पोटातच ते आहे. आणि नंतर आलेल्या काही जणांचं म्हणणं असं, की गासड्या आणि यंत्रं बघत बसू नका, माणसं बघा. उद्या काय होईल असं त्यांना वाटतंय ते बघा. बाईंना हे पटलं होतं. वर्गात त्या सांगायच्या, "बँकेतले पैसे संपले म्हणून बँक बुडते असं नाही. ते संपणार असं सगळ्यांना एकदम वाटलं, की चांगली बँकसुद्धा बुडते. अशा वेळी करायचं काय? दार सताड उघडं ठेवायचं. या, न्या म्हणायचं. निम्मे लोक दार उघडं बघूनच माघारी फिरतात. पण घाबरून कुणी दार लोटायला धावलं ना, की संपलं!"

आणि धान्यटंचाईचा धडा आला, की सांगायच्या, "जिथे म्हणून अशी ओढ पडली, तिथे लोकांनी पहिली वीट दुकानदाराच्या काचेवर मारलीय."

"पण तो लपवत असेलच ना हो, बाई?" वर्गात एक बसकंडक्टर होता, त्यानं विचारलं होतं.

"कधी लपवतो, कधी नाही. विटेला काय कळतंय?"

वर्ग हसला होता. बाईही हसल्या होत्या.

आता त्या वर्षी झालं काय, तर प्राचार्यांच्या डोक्यात आलं, की नुसतं व्याख्यान देऊन भागणार नाही, मुलांना बाहेर पाठवा. बाईंच्या विषयात अर्धा भाग जुन्या पंडितांचा आणि अर्धा आजच्या आर्थिक प्रश्नांचा. या दुसऱ्या भागासाठी बाईंनी एक प्रयोग आखला, आणि आखताना त्या इतक्या खूष होत्या, की भावजयीला जेवताना सगळा समजावून सांगितला. मुलांनी आपापल्या गल्लीत घरोघर जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. पुढच्या महिन्यात पीठ मिळेल असं तुम्हाला वाटतं का? बस्स. दर आठवड्याला तीच घरं, तोच प्रश्न. लोकांची अपेक्षा कशी हलते ते बघायचं.

"पण पिठाचंच का?" भावजयीनं विचारलं. "पीठ तर मिळतंच आहे."

"म्हणून तर! ज्याच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही, अशी वस्तू घ्यायची. मोजमाप स्वच्छ येतं."

बघा, एखाद्या साध्या बाईला हे सुचलं नसतं. एवढं चुकायला खूप शिकावं लागतं.

पहिल्या आठवड्यात लोक हसले. मिळेल की, न मिळायला काय झालं? दुसऱ्या आठवड्यात बरेच जण उलट विचारू लागले, "का हो? काही कानावर आलंय का?" तिसऱ्या आठवड्यात वर्गात नुसता उत्साह होता. उत्तरं बदलत होती, प्रयोग चालत होता, सगळ्यांना आपण काहीतरी शोधून काढल्यासारखं वाटत होतं. एक परिचारिका उठून म्हणाली, "बाई, आमच्या शेजारच्या आजी काय म्हणाल्या माहितीये? म्हणे, कॉलेजातली शिकलेली माणसं दारोदार विचारत फिरतायत, म्हणजे नक्कीच काहीतरी असणार. त्यांनी लेकाला पिठाची जास्तीची पिशवी आणायला पाठवलं!"

वर्गात हशा पिकला. बाई फळ्याकडे वळून लिहीत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

ज्याचा धडा त्या वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या, तो त्यांनी स्वतःच्या हातानं रस्त्यावर सोडला होता. आजी एकटी थोडीच असणार? त्यांनी प्रयोग थांबवला. त्यानंही व्हायचं तेच झालं. आता लोक म्हणू लागले, विचारणारे यायचे बंद झाले, बघा! वरून दाबलं असणार.

एक दिवस बाई घरी आल्या तर दुकानापुढे रांग होती. एरवी त्या वेळी भाऊ स्टुलावर बसून जांभया देत असायचा.

"ताई, आज काय आहे गं? सगळ्यांना पीठच हवंय," तो कौतुकानं म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. तो सकाळी पाटीवर खडूनं भाव लिहायचा आणि संध्याकाळपर्यंत तो पुसायचा नाही, मग बाजारात काहीही होवो. लोकांना हे माहीत होतं आणि म्हणूनच लोक त्याच्याकडे यायचे.

बाई जिन्याकडे वळल्या. सांगायला हवं होतं. धाकट्या, हे माझ्यामुळे झालंय, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं आणि परत गेलं, कारण ताईचं काही चुकतं हे त्या भावाला माहीतच नव्हतं.

त्यातच नदीवरचा पूल दुरुस्तीला काढला, आणि मालाची लॉरी लांबून वळसा घालून येऊ लागली, तीही कधी यायची, कधी नाही. एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आता मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी पूलच. फळ्या रिकाम्या दिसू लागल्या. ओळखीची माणसं पिशव्या सदऱ्याखाली झाकून न्यायला लागली. पूर्वी रांगेत गप्पा चालायच्या, आता सगळे पुढच्याच्या हातांकडे बघत उभे राहायचे. बाई जिना उतरल्या, की बोलणं थांबायचं. "बाईंना आधीच ठाऊक होतं," असं कुणीतरी एकदा मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं. "बहीण भाकीत करते, भाऊ माल भरतो."

भावानं घरटी एक पिशवी असा नियम केला. "आलं तसं वाटतोय. मागं काही ठेवत नाही," तो प्रत्येकाला सांगायचा, घसा बसेपर्यंत सांगायचा. स्वतःच्या घरीही त्यानं एकच पिशवी वर पाठवली.

त्या पिशवीचा तळ दिसला त्या दुपारी भावजयीनं चमच्यानं डबा खरवडला. बाई पलीकडच्या खोलीत वाचत होत्या. तो आवाज ऐकला आणि त्यांनी पुस्तक मिटलं. अहो, केस पिकलेली बाई, पण त्या क्षणी ती फ्रॉकातली पोर झाली होती, आणि "अजून" म्हणणारा धाकटा समोर दिसत होता. विद्या वगैरे सगळी राहिली पुस्तकांत.

भाऊ घाऊक बाजारात माल मागायला गेला होता. त्याच्या पाठीमागेच लॉरी येऊन गेली होती, पोती त्यानं अजून मोजलेली नव्हती. बाईंनी भावजयीला खाली नेलं आणि दोघींनी मिळून पिठाची काही पोती ओढत ओढत मागच्या गल्लीतल्या गोदामात नेली. एका कोपऱ्यात रिकामे तेलाचे डबे आणि जुनं मोडकं काउंटर होतं, तिकडे भाऊ कधी फिरकायचा नाही. त्याच्यामागे ती पोती गेली.

"ह्यांना सांगायचं ना?" भावजय धापा टाकत म्हणाली.

"नको. तो लगेच वाटून टाकेल. लहानगीचं काय मग? त्याचं काय?"

"मला भीती वाटते हो, वन्सं."

"मलाही वाटते. डबे नीट लाव."

त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. भाऊ रांगेपुढे "मागं काही ठेवत नाही" म्हणाला, की वर खोलीत त्या खिडकी लोटून घ्यायच्या. एकदा त्या ठरवून खाली गेल्या, पोती बाहेर काढायची म्हणून. पण गोदामाच्या तोंडाशी दोन बायका उभ्या होत्या. उगाच नव्हे, पाळतीवरच होत्या. बाई गल्लीतल्या हातगाडीवर लिंबं घ्यायला आल्यासारखं करून परत फिरल्या. आता तो माल आत ठेवणंही धोक्याचं होतं आणि बाहेर काढणंही.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी दुपारी बाई कॉलेजात उत्तरपत्रिका तपासत होत्या. फोन वाजला. भावजय इतकं हळू बोलत होती, की आधी काही कळेचना.

"वन्सं, दुकानापुढे सगळी गल्ली जमलीय. लॉरी आलीच नाही आज. म्हणतायत, गोदामात लपवलंय. आणि हे म्हणाले, चला, उघडून दाखवतो! किल्ली घेऊन निघालेत हो मागे!"

"सांग ना त्याला! बाजूला घे!"

"कसं घेऊ? सगळे भोवती आहेत. मी तोंड उघडलं, की सगळ्यांना कळणार!"

बाई चपला अडकवून तशाच धावत सुटल्या. रस्त्यात निम्म्या दुकानांची शटर खाली होती. बसथांब्यावर त्यांच्या वर्गातला तो कंडक्टर दिसला, त्यानं "बाई!" अशी हाकही मारली, पण त्या थांबल्या नाहीत. डोक्यात एकच. किल्ली कुलपात जायच्या आत पोचायचं. पोचून काय करायचं? ते काही सुचत नव्हतं. चाळीस वर्षं त्याला त्यांनी हाताला धरून चालवलं होतं. एवढ्याशा गोदामापासून लांब ठेवता येणार नाही का?

आता गोदामापाशी काय चाललं होतं ते ऐका, कारण बाईंना ते नंतर कळलं. भाऊ शटरपुढे उभा राहिला आणि त्यानं किल्ली वर धरून सगळ्यांना दाखवली. "मी इतकी वर्षं तुम्हाला मापात मारलं असेल, भाव लपवला असेल, तर सांगा. ही किल्ली. कुणीही घ्या आणि उघडा." कुणी हात पुढे केला नाही. समोरच्या फुटपाथवर बसणारा म्हातारा चांभार, दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्यानं किल्लीकडे बघितलं, मग भावाच्या तोंडाकडे. म्हणाला, "झालं ना? माणूस किल्ली देतोय हातात. अजून काय पाहिजे? चला घरी, उद्या येईल लॉरी." लोक एकमेकांकडे बघून ओशाळले. कुणीतरी हसलं. मागचे चार जण निघालेसुद्धा. भाऊ किल्ली खिशात ठेवू लागला.

बाईंनी कोपऱ्यावरून वळून बघितलं ते एवढंच. गर्दी, शटर, आणि भावाच्या हातात किल्ली.

"धाकट्या! उघडू नको!"

आवाज कसला फुटला होता! वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज तो. गेलेले चार जण परत वळले.

म्हाताऱ्या चांभारानंच विचारलं, आणि विचारलं तेही अगदी हळू. "का नको, बाई?"

बाई धापा टाकत एकेकाकडे बघू लागल्या. आणि माणसांचे चेहरे बघताना त्यांच्या लक्षात आलं, की ही सगळी घरी निघाली होती. वर्गात सांगायच्या ते दार उघडंच होतं. लोटायला धावल्या त्या आपणच.

भावाच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ताई दमलीय, घाबरलीय, असं काहीतरी त्याला वाटलं असणार. "अगं, काय झालं? रिकामं तर आहे," म्हणाला आणि त्यानंच कुलूप काढलं.

डबे लोकांनी हलवले. काउंटर दोघांनी उचललं. मागे पोती उभी होती, नवी कोरी, लॉरीवाल्यानं लावलेल्या शिक्क्यांसकट.

भाऊ पुढे गेला आणि त्यानं एका पोत्यावर हात ठेवून बघितलं, खरंच आहे का म्हणून. मग तो वळला. त्यानं लोकांकडे पाहिलं नाही, ताईकडे पाहिलं.

"मी ठेवली," बाई म्हणाल्या. "सगळं मी केलं. प्रश्नही माझा, पोतीही माझी. त्याला काहीही ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं!"

"नसेलही," चांभार म्हणाला आणि आपली काठी घेऊन निघून गेला. पीठ न घेता गेला.

वीट कुणी मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं, काच नवीन बसवता आली असती. भावानं काटा बाहेर आणून ठेवला आणि सगळं पीठ सारखं मापून वाटलं. घेणाऱ्यांनी घेतलं. भावजय जिन्यात तोंडावर हात ठेवून उभी होती, आणि बाई भिंतीला टेकून, ज्या जागी ओरडल्या त्याच जागी.

पुढे पूल झाला. लॉरी वेळेवर येऊ लागली. पिठाचं काही कमी नव्हतंच कधी. गावाबाहेरच्या गोदामांत ते तेव्हाही छतापर्यंत रचलेलं होतं, पुढे पेपरात छापूनही आलं. भावाच्या दुकानात फळ्या भरल्या, पोती भरली, काटा पुसून ठेवलेला. सकाळी तो पाटीवर भाव लिहायचा. समोरच्या फुटपाथवरून रोजची माणसं पिशव्या घेऊन जायची आणि दोन चौक लांबच्या दुकानातून सामान घेऊन परत यायची. भाऊ स्टुलावर बसलेला असायचा. तो घरात कुणाला रागावला नाही, आवाज चढवला नाही. बोलायचंच त्यानं कमी केलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला बाई फळा पुसू लागल्या तेव्हा मागचे बाक खुसखुसायच्या तयारीत बसले होते. बाई काही बोलल्या नाहीत. फळा पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिना उतरून मागच्या दारानं दुकानात शिरल्या नाहीत. रस्त्यावरून वळून, गिऱ्हाईक येतं तशा, पुढून आल्या. हातात पिशवी होती. काउंटरपुढे उभं राहून त्यांनी आत बघितलं. तेल, साखर, डाळी, पीठ, धडधाकट भाऊ. सगळं जागच्या जागी होतं. लहानपणी गजांमधून बघितलं होतं तसंच, आणि बंद का, हे आता त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती.

भावानं मान वर केली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काही हललं, असं बाईंना वाटलं. मग त्यानं हात पुसले, काट्याचं पारडं समोर ओढलं आणि विचारलं,

"काय देऊ, बाई?"